बाटलीतली सर्पगंधा

मोहाटोल्यात कुणाच्याही बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाची रोवणी निघाली की पहिलं बोलावणं सुमनबाईच्या घरी जाई, मग बाकीच्या बायांकडे. कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. सुमनबाईनं लावलेलं रोप कधी तरंगून वर येत नसे. अंगठा आणि दोन बोटं यांच्या चिमटीत ती धानाचं रोप धरी आणि चिखलात असं टेकवी की ते तिथंच उगवलं असं वाटावं. इतर बायांच्या ओळीत आठवड्यानं खाडे भरावे लागत. तिच्या ओळीकडे कुणी वळूनही बघत नसे. जिच्या बांधीत ती वर्षानुवर्षं रोवणीला जात होती ती रुख्माबाई तर चारचौघींत म्हणायची, "सुमननं वाळली काडी खोचली तरी पालवी फुटन."

सुमनबाई लुगड्याचा काष्टा घट्ट करून पुढच्या ओळीला लागे. पण हे ऐकायला तिला आवडत होतं, हे मात्र खरं.

देवरीहून चिचगडच्या वाटेला लागलं की उजव्या हाताला मोहाटोला येतं. गाव लहान, मागे पहाडी आणि पहाडीला लागून जंगल. बोली झाडीची, तिच्यात बायाही 'मी जातो' असंच म्हणतात. सुमनबाई आणि तिचा नवरा यादोराव रोवणीत आणि कापणीत मजुरी करीत, उरलेल्या दिवसांत मोहफुलं, तेंदूपानं, चारोळी, जे जंगल देईल ते वेचीत. त्यांची एकुलती एक लेक अल्का. ती शिकली, शिकतच गेली आणि गोंदियाच्या एका कॉलेजात वनस्पतींच्या प्रयोगशाळेत काम करू लागली. ती तिथं नेमकं काय करते, हे गावात कुणाला सांगता येत नसे. यादोराव सांगायचा, "बाटलीत झाडं लावते." मग ऐकणारा हसायचा आणि यादोरावही हसायचा, कारण त्यालाही ते फारसं खरं वाटत नव्हतं.

आता या गोष्टीतल्या झाडाबद्दल थोडं सांगायला हवं. सर्पगंधा म्हणून एक लहानसं झुडूप असतं, गुडघ्याला लागेल न लागेल एवढं. एका पेराला साधारण तीन-तीन पानं, पांढुरकी फुलं आणि त्या फुलांचे देठ कुंकवासारखे लाल. त्याच्या मुळापासून रक्तदाबाचं औषध करतात. सुमनबाई लहान होती तेव्हा पहाडीवर सर्पगंधा पायात यायची. मग मुळं विकत घेणारे व्यापारी येऊ लागले. मूळ विकायचं म्हणजे झाड मुळासकट उपटायचं. पानं तोडली तर पुन्हा फुटतात, फळं काढली तर पुढच्या साली येतात, पण मूळ नेलं की मागे काय उरणार? गावानं उपटली, शेजारच्या गावांनी उपटली आणि पंधरा-वीस वर्षांत पहाडी रिकामी झाली. बी पडून रोपं यावीत, तर सर्पगंधेचं बी फार कमी उगवतं.

अल्काला शिकत असताना पहाडीवर दोन खडकांच्या बेचक्यात एक झुडूप सापडलं. तिनं ते उपटलं नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख प्रेमिला मॅडम यांना घेऊन ती परत आली आणि दोघींनी त्याच्या खोडाचे थोडे तुकडे तेवढे कापून नेले. पुढच्या उन्हाळ्यात अल्का पुन्हा बघायला गेली तेव्हा बेचक्यात नुसता खड्डा होता. कुणाचा तरी हात तिथं पोचला होता. म्हणजे मोहाटोल्याच्या पहाडीवरची सर्पगंधा आता फक्त गोंदियाला, काचेच्या बाटल्यांत तेवढी जिवंत होती.

दोन हजार तीन सालच्या पावसाळ्यात अल्का एका खोक्यात त्यातल्या निम्म्या बाटल्या घेऊन एसटीनं घरी आली. खोकं सगळा रस्ता तिनं मांडीवर ठेवलं होतं.

"माय, हे बघ. आपल्या पहाडीची सर्पगंधा हाय."

सुमनबाईनं बाटली उजेडात धरली. आत तळाशी दह्यासारखा थलथलीत पांढरट थर, त्यात बोटभर उंचीची हिरवी रोपं. मुळं त्या थरात पसरलेली दिसत होती, जणू कुणी पाण्यात दोरे सोडले आहेत.

"झाकण लावलंस, श्वास कसा घेऊन राहिली ही?"

"घेते. हा खालचा थर हाय ना, ते तिचं जेवण. साखर, क्षार, सगळं त्याच्यात असते."

"साखर?" यादोराव खाटेवरून उठून बसला. "झाडाले साखर, अन् मले चहात अर्धा चमचा."

अल्का हसली. मग तिनं मॅडमचं बोलणं सांगितलं. प्रयोगशाळेत रोपं तयार होतात, पण ती बाहेर मातीत जगवणं हे खरं अवघड. मॅडम म्हणत होत्या की हे काम कॉलेजच्याच आवारात, जाळीच्या शेडमध्ये करू. रोपं मोठी झाली की तिथंच राहतील. अल्का म्हणाली होती की नाही, ही आमच्या पहाडीची आहेत, आमच्या गावात मोठी होऊन आमच्याच पहाडीवर गेली पाहिजेत. मॅडमनी विचारलं होतं, गावात सांभाळणार कोण?

"मी सांगतलं, माझी माय. तिच्या हातचं मरत नाई."

सुमनबाईनं बाटली खाली ठेवली आणि हात लुगड्याला पुसले. एवढी मोठी गोष्ट तिच्या नावावर आपल्या लेकीनं शहरात सांगून ठेवली होती. तिला आतून असं भरून आलं की ती उठून उगाच चुलीतली लाकडं सारखी करू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडायच्या आधी अल्कानं सगळं समजावलं. नदीची वाळू धुऊन, कढईत भाजून घ्यायची, म्हणजे त्यातली कीड मरते. छिद्रं पाडलेल्या प्लास्टिकच्या पेल्यांत ती भरायची. रोपावर पारदर्शक पिशवी घालायची.

"अन् पहिलं काम, मुळं धुवाची. पाणी कोमट. ही जेली साफ निघाली पाहिजे, जराशी बी चिकटून राहू नाई द्यायची. काऊन धुवाची ते सांगू?"

"गाडी निघून जाईन तुही," सुमनबाई म्हणाली. "जा तू. लावणं मले नको शिकवू."

अल्का गेली. सुमनबाईनं वाळू भाजली, तशी ती मुरमुऱ्यांसाठी दरवर्षी भाजायचीच. पेले भरले. मग तिनं पहिली बाटली उघडली, रोप हळूच बाहेर ओढलं आणि कोमट पाण्याच्या भगोन्यावर हात थांबला.

मुळांना तो पांढरट थर लगडलेला होता. हे तिचं जेवण, असं पोरीनंच सांगितलं होतं. आणि आता पोरगीच म्हणते, धुऊन टाक. सुमनबाईला अल्का पहिल्यांदा गोंदियाच्या वसतिगृहात गेली तो दिवस आठवला. तिनं पहाटे उठून तांदळाच्या भाकरी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे बांधून दिले होते. घरात तेल नव्हतं तर शेजारून मागून आणलं होतं. या घरातून कुणी बाहेर निघालं आणि फडक्यात काही बांधून दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. इथं तर एवढंसं लेकरू, बाटलीतल्या सावलीतून उघड्या जगात निघालेलं. त्याच्या तोंडचा घास पाण्यानं धुऊन काढायचा?

शिकलेल्या लोकांचं बरंच बरोबर असतं, पण एखादी गोष्ट चुकतही असेल, असं तिनं मनाशी ठरवलं. थर तसाच ठेवून तिनं रोप वाळूत टेकवलं, चिमटीनं, रोवणीत टेकवायची तसं. मग दुसरं. मग सगळी. वर पिशव्या घातल्या आणि मांडवाच्या सावलीत रांगेनं पेले मांडले. त्या रात्री ती समाधानानं जेवली.

आधी मुंग्या आल्या. सुमनबाईनं पेल्यांभोवती राखेची रेघ ओढली. मुंग्या राख ओलांडून आल्या. मग एका सकाळी तिला वाळूवर कापसाच्या धाग्यासारखं पांढरं काही दिसलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत तो कापूस पेल्यापेल्यातून वर आला, रोपांचं खोड बुडाशी काळं पडलं आणि एकेक रोप आपल्याच पायाशी मोडून पडलं.

रुख्माबाई रोवणीचं बोलावणं करायला आली होती. तिनं मांडवात वाकून पाहिलं.

"सुमन, हात गेला का वो तुझा?"

ती थट्टेनंच म्हणाली होती. पण सुमनबाईला ते थेट लागलं. त्या दिवशी बांधीत तिनं मान वर केली नाही आणि तिच्या ओळीतली चार रोपं संध्याकाळी पाण्यावर तरंगत होती. आजवर असं झालं नव्हतं.

शनिवारी अल्का आली. सुमनबाईनं पेले लपवले नव्हते. ती दारात बसून राहिली आणि बोटानं मांडव दाखवला. अल्का उकिडवी बसली, एक पेला उचलला, पिशवी काढली. वाळू बोटानं सारून तिनं मूळ वर काढलं. काळ्या मुळाभोवती थुलथुलीत थर अजून होता, आता पिवळा पडलेला आणि आंबूस वासाचा.

"धुतलं नाई, माय?"

"उपाशी कशी लावू?" सुमनबाई म्हणाली.

यादोराव मागून म्हणाला, "मुंग्याईले जेवण देल्लं तुह्या मायनं. साऱ्या मोहल्ल्याच्या मुंग्या येऊन गेल्या."

अल्का हसली नाही आणि रागावलीही नाही. तिनं पेला खाली ठेवला आणि आईशेजारी उंबऱ्यावर येऊन बसली.

"उरलेल्या निम्म्या बाटल्या हायत. त्यात मुळं फुटून राहिली. मॅडम म्हणाल्या, यावेळी त्या कॉलेजच्या शेडमंदीच ठेवू."

"बरोबर हाय त्यायचं."

"मी म्हणलं, एकदा अजून द्या. त्या म्हणाल्या, ह्या गेल्या त मोहाटोल्याची सर्पगंधा गेलीच समज. मागं काईच नाई."

"मंग रुख्माबाईले दे," सुमनबाई म्हणाली. "तिचं अंगण मोठं हाय, विहीर हाय. माझा हात नाई राहिला."

"हाताले काई नाई झालं तुह्या," अल्का म्हणाली. "मी काऊन ते सांगत होतो, तू ऐकलं नाई. आता दाखवतो. चाल माझ्यासंग गोंदियाले."

सुमनबाई गोंदियाला याआधी दवाखान्यासाठी आणि लग्नांसाठी गेली होती. कॉलेजच्या फाटकातून ती पहिल्यांदाच आत जात होती. फाटकापर्यंत सोडणाऱ्या रिक्षावाल्यानं विचारलं, "अम्मा, यहाँ किसके पास जाना है?" अल्का पैसे काढत होती. सुमनबाईच बोलली, "माझ्या पोरीच्या लॅबमंदी." रिक्षावाल्याला झाडीबोली किती कळली कोण जाणे, पण त्यानं मान हलवली.

दारात चपला काढायच्या, हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे. आतल्या खोलीत थंडगार हवा आणि भिंतीला लागून लोखंडी मांडण्या, प्रत्येकीवर ट्यूबलाइट, आणि उजेडाखाली बाटल्याच बाटल्या. प्रत्येक बाटलीत हिरवं काहीतरी उभं होतं. सुमनबाईला वाटलं, हे तर धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकलेले आहेत, फक्त बांधीऐवजी फळीवर.

प्रेमिला मॅडमनी नमस्कार केला. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, हसऱ्या बाई होत्या त्या. सुमनबाईनं हात जोडून "जयभीम" म्हटलं आणि लगेच म्हणाली, "माझ्यानं चूक झाली, मॅडम."

"चुका इथं रोज होतात," मॅडम म्हणाल्या. "तो कोपरा बघा. त्या सगळ्या बुरशी लागलेल्या बाटल्या. त्यात माझ्यासुद्धा आहेत. अल्का, आईला सुरुवातीपासून दाखव."

अल्का एका काचेच्या कपाटासमोर बसली. आत स्पिरिटचा दिवा निळसर जळत होता. तिनं लांब चिमटा ज्योतीत धरला, निवू दिला, बाटलीचं तोंड शेकलं आणि आतलं दुसऱ्याच एका झाडाचं रोप दाखवण्यापुरतं बाहेर काढून पात्यानं त्याचे पेरापेरावर तुकडे केले. मग एकेक तुकडा नव्या बाटलीतल्या थरात टेकवू लागली. सरळ, ना खोल ना उथळ, सारख्या अंतरावर.

सुमनबाई बघत राहिली. चिमटा लोखंडाचा होता, पण त्यामागची बोटं तिला ओळखीची वाटली. अंगठा आणि दोन बोटं. सुट्टीत बांधीवर येणाऱ्या लहान अल्काला तिनं चिखलात उभं करून ही पकड शिकवली होती, बोटं चुकली की हातावर चापट मारून. ती पोरगी पुढं शाळेत गेली आणि सुमनबाईला वाटलं होतं की ते शिकवणं वाया गेलं.

"एका तुकड्याची एवढी कशी होतात गे?" तिनं विचारलं.

"प्रत्येक पेरापाशी एक डोळा असते, झोपलेला. झाडात वाढीची रसायनं राहतात, आपोआपच, थोडी थोडी. त्यातलं एक असं हाय की ते डोळे जागे करते, फुटवे काढते. या बाटलीतल्या जेवणात आम्ही ते वरून टाकलं. एका तुकड्याले पाच-सहा फुटवे आले. ते फोडून पुन्हा लावले, पुन्हा तेवढेच आले."

"अन् मुळं?"

"मुळाचं रसायन वेगळं. फुटवे पुरे झाले की रोप दुसऱ्या बाटलीत न्यायचं. तिथं हे दुसरं असते. ते म्हणते, आता बस करा, पाय काढा."

"दोन्ही संगच देल्लं त काम लवकर होईन ना?"

"नाई होत. फुटवाही नाई अन् मूळही नाई, नुसता गोळा होऊन बसते."

"तुह्या बापासारखं," सुमनबाई म्हणाली. "दोघांनी दोन कामं सांगतली की खाटेवर बसून राहते."

मॅडम चष्मा काढून हसल्या. सुमनबाईनं पुढं विचारलं की हे औषध टाकता किती. अल्का म्हणाली, लोटाभर पाण्यात मोहरीच्या दाण्याहूनही कमी. जास्त झालं तर रोपं काचेसारखी फुगतात आणि कामातून जातात. सुमनबाईनं मान डोलवली. भाजीतल्या मिठाचं असंच असतं, फक्त इथलं मीठ दिसतसुद्धा नव्हतं. आणि ते न दिसणारं मीठ आपली पोरगी मोजते.

मग अल्कानं एक बाटली आईच्या हातात दिली आणि आवाज जरा खाली आणला, शाळेतल्या बाईंसारखा.

"आता जेवणाचं सांगतो. हे रोप बाटलीत हाय तोवर आयतं खाते. साखर चोखते. उन्हातून आपलं अन्न आपण कसं करायचं, हे त्याले नीट जमतच नाई अजून. पानाले वरून साल नाई, मुळाले मातीची सवय नाई. बाहेर आणलं की त्याले हे सगळं शिकावं लागते. बरोबर?"

"हाव."

"आता तू मुळासंग साखर बांधून देल्ली. ती खायला रोप उभं राहाचं हाय, पण बुरशी तयारच हाय. या बाटलीत ती नव्हती, म्हणून साखर टिकली. तुह्या मांडवात हवेत, पाण्यात, सगळीकडं हाय. पहिले ती साखर खाते, अन् साखर संपली की रोप खाते. मले तू वडे बांधून देत होतीस ना, ते मी देवरीच्या फाट्यावरच संपवत होतो. याच्या हातात देल्लेले वडे दुसराच कोणी खाऊन जाते, अन् मंग यालेच खाते."

सुमनबाईनं बाटली फिरवून बघितली.

"म्हणजे उपाशी धाडायचं."

"उपाशी नाई, मोकळं धाडायचं. चार दिवस कुढते, मंग शिकते."

मॅडमनी एका निकामी बाटलीतली रोपं तिच्यापुढं ठेवली आणि भगोन्यात कोमट पाणी दिलं. सुमनबाईनं पदर खोचला. मुळं पाण्यात धरून ती बोटांच्या टोकांनी हलकेच चाळवू लागली, चोळली नाहीत, ओढली नाहीत. थर ढिला झाला, ढगासारखा पाण्यात उतरला आणि मुळं पांढरी स्वच्छ वर आली. एकही तुटलं नाही. मॅडम वाकून बघत होत्या.

"अल्का," त्या म्हणाल्या, "उरलेल्या बाटल्या मोहाटोल्याला ने."

दुसरी खेप आली तेव्हा अल्काला परीक्षेच्या कामामुळे थांबता येणार नव्हतं. खोकं ठेवून ती त्याच गाडीनं परत गेली. सुमनबाईनं तिला फाट्यावर थांबवून सगळं पुन्हा सांगायला लावलं, आणि यावेळी गाडी निघून जाईल असं म्हणाली नाही.

दुपारी मांडवात पाणी तापवून ती बसली. रुख्माबाई आलीच, सोबत सुपारी कातरायचा अडकित्ता घेऊन. बघायला मिळेल या हिशेबानं पिढ्यावर बसली.

"आता काय करून राहिलीस?"

"धुऊन राहिलो."

"जेवण हाय म्हणत होतीस ना त्यायचं?"

"हाय."

"अन् धुऊन फेकतेस? असं कोणी करते का, सुमन? एवढंसं पोर."

सुमनबाईच्या बोटांना पुन्हा तेच वाटलं जे पहिल्या वेळी वाटलं होतं. गोंदियाला निकामी रोपांवर हात चालवणं वेगळं होतं. ही शेवटची होती. थोडंसं राहू द्यावं, बोटाच्या पेराएवढं, कुणाला कळणार आहे, असं मनात आलं. तिनं मुळं पाण्याबाहेर काढून डोळ्यांजवळ धरली. एका धाग्याला थेंबभर थर लोंबत होता. ती क्षणभर बघत राहिली. मग मुळं परत पाण्यात घातली आणि तो थेंब सुटेपर्यंत चाळवत राहिली.

"करते," ती म्हणाली. "माझी पोरगी करते."

पुढचे दिवस सुमनबाईनं कुठंच बोलावणं घेतलं नाही. रोपं मान टाकून उभी होती, ना मरत होती ना वाढत होती. सकाळी ती पिशवीची कड जराशी उचले, दुपारी ऊन कडक झालं की पुन्हा टेकवे. पिशवी किती वेळ उघडी ठेवायची हे रोज थोडं थोडं वाढवायचं होतं. एकदा उघाड पडली आणि यादोरावनं रोपांना गरम होत असेल म्हणून सगळ्या पिशव्या काढून टाकल्या. सुमनबाई पाणी घेऊन आली तर सगळी रोपं ओल्या दोऱ्यासारखी लोंबत होती. तिनं घागर तिथंच टेकवली, पिशव्या घातल्या, पेले चुलीमागच्या ओलसर सावलीत नेले आणि नवऱ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. यादोराव आपणहून विहिरीवर गेला आणि दोन घागरी पाणी भरून आणलं. तेवढ्यानं काम भागलं. रोपं सकाळपर्यंत उठली.

काही मेली. तीन-चार अगदी शेंड्यापासून वाळली, त्यांचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही. पण पांढरा कापूस कुठंच आला नाही आणि मुंग्या मांडवाच्या खांबावरून आपल्या वाटेनं गेल्या.

पोळ्याच्या आधी एका सकाळी सुमनबाईनं पिशवी उचलली आणि हात तसाच हवेत राहिला. शेंड्यावर नवं पान होतं. बाटलीतली पानं पातळ, फिकट असायची. हे जाड होतं, गडद होतं आणि चकाकत होतं. त्याच्या बाजूला दुसरं आणि तिसरं उलगडत होतं. एका पेराला तीन. तिनं बोटानं पान हलकेच दाबून बघितलं. त्याला साल होती.

तिनं यादोरावला हाक मारली नाही. आधी ती एकटीच बघत बसली. मग उठून दुकानावर गेली, तिथल्या फोनवरून गोंदियाला कॉलेजात फोन लावायला सांगितला आणि अल्का फोनवर आल्यावर एवढंच म्हणाली, "जेवून राहिली."

"कोण, माय?"

"तुह्या पोरी. आपल्या हातानं जेवून राहिल्या."

पुढच्या पावसाळ्यात रोवणी आटोपल्यावर ती झुडपं पहाडीवर गेली. मोहाटोल्याच्या बाया टोपल्यांत घेऊन चढल्या. अल्का आणि प्रेमिला मॅडम आल्या होत्या, आणि यादोराव कुदळ घेऊन सगळ्यांच्या पुढं होता. खडकांच्या बेचक्यातल्या त्या रिकाम्या खड्ड्यात पहिलं झुडूप सुमनबाईनं लावलं. बाकीची बायांनी रोवणीच्या ओळीत लावावीत तशी उतारावर लावली. इथून कुणी मूळ उपटायचं नाही, हे बचत गटाच्या बायांनी बुद्धविहारात बसून आधीच ठरवलं होतं. ज्याला औषधाला विकायची असेल त्यानं आपल्या अंगणात लावावी. त्यासाठी अल्कानं सुमनबाईच्या अंगणातल्या झुडपांचे तुकडे नेऊन नव्या बाटल्या तयार केल्या होत्या आणि खोकी भरून आणली होती.

पहाडीवरून उतरल्यावर सगळ्या बाया मांडवात जमल्या. वाळू भाजलेली, पाणी कोमट. मॅडम शिकवायला उभ्या राहिल्या, मग सुमनबाईकडे बघून खाली बसल्या.

"तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.

सुमनबाईनं बाटली हातात घेतली. पहिल्यांदा आवाज जरा दबला, मग मोकळा झाला. "हे बाटलीत हाय तोवर आयतं खाते," तिनं सुरुवात केली. पानाला साल नसते, मुळाला मातीची सवय नसते, हवेतली बुरशी साखरेसाठी टपलेली असते. शब्द अल्काचे होते, पण आता ते बांधीवर ओळ सांगितल्यासारखे येत होते. मागं बसलेल्या एका पोरीनं विचारलं, "मावशी, एका तुकड्याची एवढी कशी होतात?" सुमनबाईनं डोळे जागे करणारं एक आणि पाय काढणारं एक अशी दोन्ही रसायनं सांगितली. दोन्ही संगच दिली तर काय होतं तेही सांगितलं आणि यादोरावकडे बघितलं. बाया खदखदून हसल्या. अल्का दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. पहाडीवरचा चिखल तिच्या हातावर वाळला होता आणि ती तो काढायचं विसरली होती.

"हे सारं तुले कोणं शिकवलं वो?" रुख्माबाईनं विचारलं.

"माझ्या मास्तरीननं," सुमनबाई म्हणाली आणि हनुवटीनं दाराकडे दाखवलं.

मग पहिली बाटली रुख्माबाईच्याच हातात आली. तिनं रोप ओढून काढलं, नीट काढलं, आणि मुळाला लगडलेला तो पांढरट थर बघून तिचा हात भगोन्यावर थांबला.

"जरासं राहू दे ना, सुमन," ती हळूच म्हणाली. "एवढ्यानं काय होते?"

सुमनबाई तिच्याशेजारी बसली. तिला रागही आला नाही आणि हसूही आलं नाही. तिनं रुख्माबाईचं मनगट धरलं, पाण्यात नेलं आणि आपली बोटं तिच्या बोटांवर ठेवून हलकेच चाळवू लागली.